लॉट घेताय? आधी विचारा, वरचा माल कोण घेऊन गेलं

धंद्याच्या गोष्टी : वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये एकच विषय सारखा डोकं वर काढतोय, लॉटचा, म्हणजे गठ्ठ्याने एकरकमी विकला जाणारा माल. गिऱ्हाइकांनी परत केलेला रिटर्न माल, दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला रिफर्बिश्ड, जास्तीचा उरलेला सरप्लस, कुणाला लॅपटॉप घ्यायचेत, कुणाला तमिळनाडूतल्या तिरुपूरचे टीशर्ट, आणि सगळ्यांना ते ऑनलाइन विकायचेत. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच दिलाय, बाकीच्यांनी जरा थांबा, इन्कम टॅक्सवाले प्रश्न पुढच्या वेळी घेतो.

प्रश्न : दादा, माझं कराडजवळ मोबाईल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान आहे. इन्स्टावर सारख्या रील येतायत, दिल्लीच्या गोडाऊनमधून मोठ्या ऑनलाइन कंपन्यांचा रिटर्न माल ८० टक्के कमी रेटमध्ये, ५० पीसचा मिस्ट्री बॉक्स १५ हजारात. ५ हजार ॲडव्हान्स, बाकी माल पोचल्यावर. घ्यावं का? (वाचक, कराड)

उत्तर : नको. आता का नको ते सांगतो, कारण नुसतं नको म्हटलं तर तुम्ही पुढच्या रीलला परत भुलणार.

गिऱ्हाइकाने परत केलेली वस्तू कशी फिरते ते बघा. आधी ती कंपनीच्या गोडाऊनला येते, तिथे तपासतात, सील न तुटलेलं असेल तर ते परत नव्या मालात जातं. सील तुटलंय पण आतलं ठीक आहे, तर ते ओपन बॉक्स नाहीतर रिफर्बिश्ड म्हणून कंपनी स्वतःच विकते किंवा ब्रँड परत घेतो. त्यातून उरलेलं ट्रकच्या हिशोबाने लिलावात निघतं आणि ते घेणारे मोठे व्यापारी असतात, ज्यांच्याकडे माल निवडायला माणसं आहेत. ते फोन, चांगले इअरबड्स, ट्रिमर, जे पटकन विकलं जाईल ते सगळं बाजूला काढतात आणि राहिलेल्याचे मिक्स लॉट बांधतात. तो लॉट अजून एक-दोन हात फिरतो, आणि मग त्याची रील बनते. आंब्याच्या पेटीतले वरचे दोन थर कुणीतरी आधीच नेलेत आणि पेंढ्यासकट खालचा थर तुम्हाला पेटीच्या भावात देतायत, असा हा प्रकार. आणि हे माल खरंच असेल तर, पुष्कळ वेळा मालच नसतो, फक्त व्हिडिओ असतो आणि ५ हजार गेले की नंबर बंद.

त्यामुळे लॉटवाल्याला रेट विचारायच्या आधी विचारायचं, हा माल तुमच्याकडे कुणाकडून आला आणि तुम्ही त्यातनं काय काढलंय. सरळ विचारा, लाजू नका, खरा व्यापारी हसतो आणि सांगतो की हो फोन काढलेत म्हणूनच हा रेट आहे. खोटा माणूस चिडतो.

मग मॅनिफेस्ट मागा, म्हणजे लॉटमधल्या मालाची यादी, मॉडेल, नग, कंडिशन. यादीच्या खाली लिहिलेलं असतं, एकूण एमआरपी ५ लाख, त्या आकड्याकडे बघूच नका, एमआरपीला आज कोण घेतं? १५०० एमआरपीचा इअरफोन ऑनलाइन नवा सीलबंद ३९९ ला मिळत असेल तर तुमचा उघडलेला पीस २०० ला जाईल की नाही हे बघायचं. मिस्ट्री बॉक्सला मॅनिफेस्टच नसतो, मग तो धंदा नाही, लॉटरी झाली.

जीएसटी नंबर घ्या, त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, दिल्लीचे ०७, आपले २७, गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता तो नंबर टाकला की फर्मचं नाव, पत्ता, नोंदणी कधी झाली, रिटर्न भरतायत का, सगळं दिसतं. तीन महिन्यांपूर्वी उघडलेली फर्म, पत्ता निवासी, आणि पैसे मात्र कुणा तिसऱ्याच्याच यूपीआयवर मागतायत, तर संपलं, तिथेच थांबा. आणि कुणाचे पैसे गेलेच असतील तर लाजत घरी बसू नका, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन लावा नाहीतर सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका, पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची शक्यता असते, नंतर ते कुठल्या कुठे जातात.

मन मानतच नसेल तर मिरजेहून रेल्वे आहे दिल्लीला, स्वतः जा, गोडाऊन बघा, स्वतःच्या हाताने पीस निवडा आणि तिथेच बिल घेऊन पैसे द्या. जाण्यायेण्याचा खर्च परवडत नसेल एवढा लहान लॉट असेल तर तो लांबून घेण्यासारखा नाहीच, कराडातच दहा दुकानदारांचा न खपलेला माल गोळा करा, तो निदान डोळ्यांना दिसतो.

प्रश्न : सर मी चिंचवडला लॅपटॉप रिपेअरिंग करतो. एक व्यापारी कंपन्यांचे लीजवरून परत आलेले ४० लॅपटॉप देतोय, ११ हजार एक, सगळे आय फाइव्ह, ए ग्रेड म्हणतो. घेऊन ऑनलाइन टाकले तर १८ ला जातील असं वाटतं. म्हणजे ७ हजार एका पीसला सुटतात ना? (एक टेक्निशियन, चिंचवड)

उत्तर : तुम्हाला हातात कसब आहे त्यामुळे तुमच्यासाठी हा धंदा चांगला आहे, लॉटच्या सगळ्या प्रकारांत मला हाच सगळ्यात बरा वाटतो, कारण कंपनीचे लॅपटॉप एकाच वेळी घेतलेले असतात, एकसारखे असतात, पार्ट एकमेकांचे चालतात आणि आयटीवाल्या माणसांनी ते बरे वापरलेले असतात. पण ७ हजारांचा हिशोब चुकलाय.

पहिली गोष्ट, आय फाइव्ह म्हणजे कुठला? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पण लागते. त्यामुळे झालंय असं की सहाव्या-सातव्या जनरेशनचे लॅपटॉप कंपन्यांनी गठ्ठ्याने बाहेर काढलेत आणि तेच आता ‘आय फाइव्ह ए ग्रेड’ म्हणून फिरतायत. प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या, ८३५०यू असेल तर आठवी, ७३००यू असेल तर सातवी, पहिला आकडा बघायचा, नंबर १ ने सुरू होत असेल तर पहिले दोन. नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका, काही मॉडेल्स दोन्ही जनरेशनमध्ये निघालीत. सातवीवाला माल घ्यायचाच नाही असं नाही, लिनक्स टाकून क्लासवाल्यांना, शाळेला देता येतो, पण मग तो ११ हजाराला घ्यायचा नसतो.

दुसरं, ए ग्रेड ही व्यापाऱ्याची भाषा आहे, कुठल्या सरकारी खात्याने ठरवलेली नाही. एकाचा ए तो दुसऱ्याचा बी. बहुतेक ठिकाणी ग्रेड म्हणजे फक्त वरची बॉडी, ओरखडे किती, बॅटरीशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून दहातले तीन-चार पीस तुम्ही निवडून उघडा, व्यापाऱ्याने पुढे केलेले नव्हे. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रामला पासवर्ड आहे का, इंटरनेटला जोडून विंडोज नव्याने टाकल्यावर जुन्या कंपनीचं नाव येऊन लॉगिन मागतोय का, ही दोन कुलपं लॉटचा बट्ट्याबोळ करतात. मॅकबुक असेल तर ॲक्टिव्हेशन लॉक (जुन्या मालकाच्या अकाउंटचं कुलूप) आणि रिमोट मॅनेजमेंटचा (जुन्या कंपनीच्या ताब्याचा) स्क्रीन, हे वायफाय जोडल्याशिवाय कळतच नाही, आणि व्यापारी म्हणणार की इथे नेट नाही, तर तुम्ही तुमच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावा. बॅटरी रिपोर्ट काढा, मूळ कपॅसिटी आणि आताची फुल चार्ज कपॅसिटी यात किती फरक पडलाय ते बघा. एसएसडीची हेल्थ बघा. की-बोर्ड सगळा दाबून, स्क्रीन पांढरा करून, बिजागरी हलवून, हे तुम्हाला मी काय सांगू.

आता हिशोब. ४० चे ४ लाख ४० हजार. समजा त्यातले ५ मदरबोर्ड गेलेले निघाले, ते पार्टला. उरले ३५. त्यात १२ बॅटऱ्या २ हजारांच्या, १० एसएसडी १८०० च्या, १५ चार्जर ५०० चे, की-बोर्ड, पेस्ट, साफसफाई मिळून साडेदहा हजार, टेम्पो ८ हजार. हे झाले ६८ हजार. एकूण ५ लाख ८ हजार भागिले ३५, म्हणजे ११ हजाराचा लॅपटॉप तुम्हाला घरात साडेचौदाला पडला, अजून जीएसटी, साइटचं कमिशन, कुरिअर, पॅकिंग आणि गिऱ्हाइकाने परत पाठवलेला पीस हे धरलेलंच नाही. १८ ला विकून हातात काय राहतं ते आता तुम्हीच काढा. रेट तुमच्या बाजारात वेगळे असतील, पद्धत हीच. विकायचा भाव बाजार ठरवतो, तुमच्या हातात फक्त घ्यायचा भाव आहे, तेव्हा मागे मोजत या आणि ९ हजाराच्या वर बोलू नका. व्यापारी उठून गेला तर जाऊ दे, परत येतो.

आणि थोडे तरी ऑनलाइन न टाकता तुमच्याच काउंटरवरून विका. चिंचवडच्या पोराला समोर बसवून लॅपटॉप चालू करून दाखवला की तो परत येत नाही, आला तरी दुरुस्त करायला येतो.

प्रश्न : जुने मोबाईल लॉटमध्ये घेताना चोरीचे निघाले तर काय? पोलिसांचं लफडं नको. (वाचक, परभणी)

उत्तर : लफडं होतं, त्यात शंका नाही. प्रत्येक फोनवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर घ्यायचा, १५ आकडी, तो सेटिंगमधल्या नंबरशी आणि असेल तर बॉक्सवरच्या नंबरशी जुळला पाहिजे. मग केवायएम लिहून एक जागा सोडून तो नंबर १४४२२ ला एसएमएस करा, किंवा सरकारच्या संचार साथी पोर्टलवर टाका, ब्लॅकलिस्ट केलेला असेल तर तिथेच कळतं. हे पैसे द्यायच्या आधी, नंतर नाही. ज्याचा आयएमईआय बदललाय असा फोन हातातही धरू नका, २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. वैयक्तिक माणसाकडून फोन घेत असाल तर त्याच्या ओळखपत्राची प्रत, सही, आयएमईआय टाकलेली पावती, हे रजिस्टर ठेवा. कंटाळवाणं काम आहे पण उद्या हवालदार दारात आला तर ते रजिस्टरच तुमच्या बाजूने बोलतं.

आयफोन असेल तर जुन्या मालकाचा अकाउंट काढलाय का बघा, अँड्रॉइडला रिसेट केल्यावर जुना गुगल अकाउंट मागतोय का बघा. ‘अनलॉक करून देतो’ म्हणणारा व्यापारी बदला.

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही इचलकरंजीच्या दोघी मैत्रिणी तिरुपूरहून एक्स्पोर्ट सरप्लस टीशर्ट आणून ऑनलाइन विकायचा विचार करतोय. कुणी म्हणालं की जुन्या मालावर फक्त नफ्यावरच जीएसटी लागतो, मग आम्हालाही तसंच का? आणि लेबल असलेला माल घ्यावा की कापलेला? (दोन मैत्रिणी, इचलकरंजी)

उत्तर : ताई, ज्याने सांगितलं त्याने अर्धंच सांगितलं. मार्जिन स्कीम म्हणतात ती, जीएसटीचा नियम ३२(५). वापरलेल्या मालाचा धंदा करणारा नोंदणीकृत व्यापारी, माल आहे तसा किंवा किरकोळ दुरुस्ती करून विकत असेल आणि खरेदीवरचं टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या टॅक्सची वजावट घेत नसेल, तर त्याला विक्री उणे खरेदी एवढ्यावरच टॅक्स. तोट्यात विकला तर त्या व्यवहारावर टॅक्स नाही. चिंचवडचे टेक्निशियन, परभणीचे मोबाईलवाले, हे तुम्हालापण लागू, पण दोन्ही हातात लाडू नाही, १८ टक्के लावलेल्या बिलाचं क्रेडिट घेतलंत तर पुढे पूर्ण किमतीवर टॅक्स लावायचा. घरगुती लोकांकडून घेतलेल्या मालाला क्रेडिट नसतंच, तिथे मार्जिन स्कीम फायद्याची.

ताई तुमचा माल सरप्लस आहे, वापरलेला नाही. न घातलेला टीशर्ट हा नवाच माल, त्यामुळे तुम्हाला नेहमीसारखाच जीएसटी, २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के. ऑनलाइन विकायचं तर पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची, १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना सूट आहे, उलाढाल मर्यादेच्या आत हवी आणि फक्त स्वतःच्याच राज्यात विकायचं, त्यासाठी पोर्टलवर एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. इचलकरंजीहून बेळगावला पार्सल पाठवायचं म्हटलं की नोंदणी आली. माझं मत विचाराल तर पहिले काही महिने महाराष्ट्रातच विकून बघा. नोंदणी झाली की साइट तुमच्या विक्रीतून अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स कापते, तो रिटर्न भरून परत मिळतो, पण लोक विसरतात आणि पैसे तिकडेच पडून राहतात.

आता लेबल. परदेशी ब्रँडसाठी शिवलेला, ऑर्डरपेक्षा जास्त झालेला किंवा रिजेक्ट झालेला माल, तो ब्रँडच्या परवानगीशिवाय लेबलसकट बाजारात आला की ब्रँड हरकत घेऊ शकतो, साइट लिस्टिंग उडवते आणि खरेदीचं बिल मागते, तेव्हा तिरुपूरच्या खादरपेठ बाजारातल्या कच्च्या चिठ्ठीचा उपयोग नाही. शिवाय लेबलवाला ‘सरप्लस’ म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं सरप्लस नसतंच, लेबल कुठेही छापून मिळतं. लेबल कापलेला घ्या आणि स्वतःच्या नावाने विका, साधं आणि निर्धास्त. पण साइझ बघा हो, एक्स्पोर्टच्या उरलेल्या मालात मधले साइझ आधीच संपलेले असतात, उरतं ते एकदम बारीक नाहीतर एकदम मोठं, आणि युरोपचा मीडियम आपल्याकडे लार्जसारखा बसतो. प्रत्येक साइझ टेपने मोजून छातीचं माप इंचात लिहा, नाहीतर परत आलेल्या पार्सलांनीच खोली भरेल. काखेत शिवण, पोटावर तेलाचा डाग, प्रिंट सरकलेलं, हे गठ्ठा सोडून बघायचं, वरचे चार पीस बघून नाही.

प्रश्न : रिफर्बिश्ड हार्ड डिस्क लॉटमध्ये येतात, त्यावरचं कंपनीचं नाव काढून आपलं स्टिकर लावून विकतात लोक. हे चालतं का? नाशिकमध्ये दोन जण सर्रास करतात. (वाचक, नाशिक)

उत्तर : यावर कोर्टाचा निकालच आहे. सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या कंपन्या दिल्ली हायकोर्टात गेल्या होत्या, त्यांच्या आयुष्य संपलेल्या हार्ड डिस्क बाहेरून आणून, मूळ नाव काढून, स्वतःच्या ब्रँडखाली विकणाऱ्या भारतीय कंपन्यांविरुद्ध. २०२४ च्या मे महिन्यात निकाल आला आणि कोर्टाने रिफर्बिश्ड माल विकायलाच बंदी घातली नाही, उलट विकू दिला, पण झाकायचं काही नाही. पाकिटावर मूळ उत्पादक कोण ते लिहायचं, मूळ कंपनीची वॉरंटी किंवा सर्व्हिस नाही हे लिहायचं, माल वापरलेला आणि रिफर्बिश्ड आहे हे लिहायचं, आणि वॉरंटी तुम्ही देताय तर तुमचा पत्ता-फोन. जाहिरातीत, साइटवरच्या लिस्टिंगमध्येही तेच.

म्हणजे कायदा तुम्हाला धंदा करू देतो, फक्त गिऱ्हाइकाला अंधारात ठेवू देत नाही. तुमचे ते नाशिकचे दोघं नाव खरवडून नव्याच्या भावात विकत असतील तर त्यांना फार हेवा वाटावा असं काही नाही. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० मध्येही हीच वाट आहे, रीतसर घेतलेला माल पुढे विकता येतो, पण त्याची अवस्था बदलली किंवा बिघडली असेल तर मूळ मालक आक्षेप घेऊ शकतो. वॉरंटीचं म्हणाल तर ‘६ महिने’ लिहिण्याआधी परत आलेल्या पीसला बदली द्यायला शेल्फवर काही आहे का ते बघा. आणि डिस्कवरचा आधीच्या मालकाचा डेटा नीट पुसा, नुसतं फॉरमॅट मारून नाही.

प्रश्न : चायनाच्या खेळण्यांचा सरप्लस लॉट स्वस्त मिळतोय. (वाचक, जालना)

उत्तर : आयएसआय मार्क आहे का? १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे, आणि बीआयएसवाले (हा मार्क देणारी सरकारी संस्था) ऑनलाइन कंपन्यांच्या गोडाऊनवरही धाडी टाकतात. मार्क नसेल म्हणूनच तो स्वस्त आहे.

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सीला असते. नवरा एचवनबी या नोकरीच्या व्हिसावर, मी एचफोर या त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. इथे लिक्विडेशनचे पॅलेट, म्हणजे दुकानांनी काढून टाकलेल्या मालाचे लाकडी फळीवर रचलेले ढीग, सहज मिळतात, घरबसल्या घेऊन ईबेवर विकायचं म्हणते. घरबसल्या तर आहे, कुणाची नोकरी थोडीच करतेय? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : ताई, ईएडी कार्ड, म्हणजे अमेरिकेत काम करायचा परवाना आहे का? एचफोरवर ईएडीशिवाय कमाईचं काम करता येत नाही आणि त्यात स्वतःचा धंदाही आला, घरबसल्या असला तरी. नवऱ्याच्या नावावर टाकते म्हणाल तर तेही नको, एचवनबी ज्या कंपनीसाठी मिळालाय तिथेच काम. ग्रीन कार्ड रांगेत असताना चार-पाचशे डॉलरसाठी हा धोका कुणी घेऊ नये, एखाद्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या. घरातल्या जुन्या वस्तू विकणं वेगळं, नफ्यासाठी घेऊन विकणं वेगळं.

ईएडी असेल तर जरूर करा. राज्याकडे सेल्स टॅक्सची नोंदणी करून रीसेल सर्टिफिकेट घ्या, म्हणजे पॅलेट घेताना टॅक्स लागत नाही. पॅलेटच्या बोलीपेक्षा फ्रेटचा, म्हणजे वाहतुकीचा आकडा आधी बघा, घरी डिलिव्हरी म्हणून वेगळे, ट्रकची लिफ्ट वापरली म्हणून वेगळे, असे पैसे लागतात आणि २०० डॉलरचं पॅलेट ४०० ला पडतं. लहान मुलांच्या वस्तू निघाल्या तर सीपीएससी या अमेरिकी वस्तू-सुरक्षा संस्थेच्या साइटवर रिकॉल तपासा, परत बोलावलेली वस्तू विकणं तिथे बेकायदा आहे, वापरलेली असली तरी. आणि अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर चार फुटी पॅलेट उतरवणार कुठे, हे बोली लावायच्या आधी लीजिंग ऑफिसला विचारा.

प्रश्न : लॉटमधला न चालणारा माल साठलाय, भंगारवाल्याला देऊ का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी पार्ट काढा, स्क्रीन, रॅम, चार्जर, याला गिऱ्हाईक असतं. राहिलेलं अधिकृत ई-वेस्ट रिसायकलरला द्या, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (एमपीसीबी) साइटवर यादी आहे, आणि दिल्याची पावती ठेवा. फुगलेल्या बॅटऱ्या मात्र आजच वेगळ्या काढा, बाकीच्या मालात दाबून ठेवू नका आणि कुरिअरने तर अजिबात पाठवू नका.